मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जुळवायचाय? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न ऑफिसातल्या मंडळींकडून, घरी आलेल्या पाहुण्यांकडून आणि टायपिंगच्या क्लासला जाणाऱ्या मुलामुलींकडून सारखे येतात. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात. किमती अंदाजे आहेत. सेल लागला की खाली येतात, डॉलर चढला की वर जातात.

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे नेमकं काय?

ऑफिसातल्या साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली मिळून एकच रबरी चादर असते. कळ तळाला टेकेपर्यंत दाबावी लागते, तेव्हा अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच बसवलेला असतो. त्यात वरचं आणि खालचं कवच, मधे सरकणारा स्टेम, एक स्प्रिंग आणि धातूची पातळ पाती असे पाच भाग असतात. स्टेमचे दोन पाय एरवी पातीला दूर धरून ठेवतात. कळ दाबली की पाय खाली सरकतात, पाती समोरच्या संपर्काला टेकते आणि अक्षर जातं. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड स्विचमध्ये ही गाठ २ मिलिमीटरवर पडते आणि कळीचा एकूण प्रवास असतो ४ मिलिमीटर. म्हणजे निम्म्या वाटेवरच काम झालेलं असतं.

यातलं काहीच नवीन नाही. जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८०च्या दशकातले. आयबीएमचा मॉडेल एम १९८५चा, तो तर स्प्रिंग वाकवूनच खटका देतो. चेरीचं पेटंट संपलं, मग गेटरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच बनवले, आणि हा नाद आपल्या खिशात आला.

रेड, ब्ल्यू, ब्राऊन: पहिल्यांदा कुठला घ्यावा?

लिनियर म्हणजे सरळ खाली जाणारा, रेड त्यातला. टॅक्टाइल म्हणजे मधे बोटाला एक उंचवटा लागतो, ब्राऊन त्यातला. क्लिकी म्हणजे उंचवटाही आणि वर खटकाही, तो ब्ल्यू. रेडला साधारण ४५ ग्रॅमचा दाब लागतो, ब्ल्यूला ६०च्या आसपास.

माझं मत विचाराल तर ब्ल्यू घरी आणू नका. दुकानात पाच मिनिटं मजा वाटते, चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतून हाक येते. ब्राऊनचा उंचवटा इतका पुसट की बऱ्याच जणांना तो रेडच वाटतो. खरा टॅक्टाइल हवा असेल तर ब्राऊन सोडून दुसरे पाहा. आणि रंगांवर फार जाऊ नका. चेरीबाहेरच्या कंपन्यांत रंगाचा नियम पाळला जातोच असं नाही, म्हणून लिनियर, टॅक्टाइल की क्लिकी आणि दाब किती ग्रॅम, एवढं वाचा. आठ-दहा जातींचे सुटे नमुने मागवून आठवडाभर टेबलावर ठेवा, येता-जाता दाबा. कुठल्याही व्हिडिओतल्या आवाजापेक्षा स्वतःचं बोट जास्त सांगतं. व्हिडिओतला आवाज माइकचा असतो, टेबलाचा असतो, खोलीचाही असतो.

सुरुवातीला किती खर्च येतो?

हॉट-स्वॅप कीबोर्ड अडीच-तीन हजारांपासून मिळतो. हॉट-स्वॅप म्हणजे सोल्डर न करता स्विच उपटून दुसरा खोचता येतो. त्यावर ल्यूब (स्विचचं वंगण), ब्रश, स्विच उघडायचं छोटं हत्यार आणि चिमटा यांचे हजारेक रुपये धरा. एवढ्यात वर्षभर हात चालत राहतील इतकं काम मिळतं.

पंधरा-वीस हजारांचा ॲल्युमिनियमचा किट पहिल्याच खेपेला घेणारे पुष्कळ आहेत. पुढे होतं असं, की कीबोर्ड इतका महाग असतो की तो उघडायची भीती वाटते, आणि मग उघडलाच जात नाही. स्वस्त कीबोर्ड बिनधास्त उघडा. तीन हजारांचा कीबोर्ड नीट ल्यूब केला, त्याचे स्टॅब (लांब कळांखालचे स्टॅबिलायझर) बसते केले, की तो तसाच डब्यातून काढलेल्या दहा हजारांच्या कीबोर्डापेक्षा चांगला लागतो. हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

नाशिकमध्ये सामान मिळतं का?

तयार कीबोर्ड मिळतो, सुटे भाग फारसे नाहीत. एमजी रोडच्या कॉम्प्युटर-मोबाइलच्या दुकानांत गेमिंगचे रंगीत दिव्यांचे कीबोर्ड लावलेले असतात. तिथे जाऊन निदान कळा दाबून पाहा, दुकानदार काही बोलत नाहीत. सुटे स्विच, ल्यूब, स्टॅबिलायझर मात्र ऑनलाइनच. आता भारतातले विक्रेते झाले आहेत, तेव्हा परदेशातून थेट मागवण्याआधी इकडे पाहा. बाहेरून येणाऱ्या पार्सलवर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि वर कुरियरवाल्याची हाताळणी लागली की ‘स्वस्त’ दिसलेली कीकॅप (कळीची वरची टोपी) दीडपटीला पडते.

डायोड, वायर, मायक्रोकंट्रोलर असलं हाताने बघून घ्यायचं असेल तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. मुंबईला सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच गाडीने संध्याकाळी परत, हा इथल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना रिवाज आहे.

आकार कुठला?

पूर्ण कीबोर्ड १०४ कळांचा. उजवीकडचे आकडे काढले की ८७, त्याला टीकेएल म्हणतात. ६५ टक्केवाल्यात बाण राहतात, ६० टक्केवाल्यात तेही जातात आणि ६१ कळा उरतात. हिशेबाचं, टॅलीचं काम असेल तर आकड्यांची पट्टी सोडू नका. बाकीच्यांना टीकेएल किंवा ७५ टक्के पुरतो. ६० टक्के फोटोत छान दिसतो. मराठी लिहिणाऱ्याने मात्र जपून, कारण एक्सेलमधल्या मराठी नावांत दुरुस्ती करताना बाणांची कळ दिवसभर लागते.

यावर मराठी टाइप होईल का? देवनागरी कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर: कुठल्याही कीबोर्डवर होईल.

कीबोर्डला भाषा कळत नाही. तो संगणकाला फक्त ‘अमुक जागेची कळ दाबली’ एवढा क्रमांक पाठवतो. त्या जागेला ‘के’ म्हणायचं की ‘क’, हे विंडोज किंवा लिनक्स ठरवतं. इनस्क्रिप्ट लावा, रेमिंग्टन लावा किंवा इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारं सॉफ्टवेअर वापरा, कीबोर्ड तोच.

तरीही इनस्क्रिप्टवाल्यांना या छंदात खरा फायदा आहे. इनस्क्रिप्टची मांडणी मुळातच शहाणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. मधल्या ओळीत डावीकडून ो, े, ्, ि, ु आणि मग प, र, क, त, च, ट. एफ आणि जे या कळांवर जो छोटा उंचवटा असतो तो मराठीत ि आणि र वर येतो. मराठीत ही दोन्ही अक्षरं किती वेळा लागतात ते टाइप करणाऱ्यालाच माहीत.

आता मराठीची खास अडचण घ्या. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला तो अर्धा र. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग पुढचं अक्षर. दोन कळा आणि वर शिफ्ट. ज्या कीबोर्डात क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याबद्दल पुढे) चालतं त्यात एखाद्या रिकाम्या कळीला हेच दोन ठोके बांधून ठेवता येतात. कळ एकदा दाबली की ऱ् तयार. क्ष, ज्ञ, त्र, श्र हे शिफ्टसकट आकड्यांच्या ओळीत बसलेत, तिथवर बोट ताणायचं नसेल तर त्यांनाही खाली आणा. इंग्रजी-मराठी बदलायची विंडोज आणि स्पेस ही जोडी कॅप्सलॉकच्या जागी ठेवली की ती सदा बिनकामाची कळ एकदाची कामाला लागते. इतके वर्ष सरकारी पत्रं टाइप करणाऱ्यांना हे कोणी सांगितलं कसं नाही याचं नवल वाटतं.

राहिली कळांवरची अक्षरं. देवनागरी छापलेल्या तयार कीकॅप्स क्वचित मिळतात. पारदर्शक स्टिकर स्वस्त पडतात, पण उन्हाळ्यात त्यांच्या कडा सुटतात आणि बोटाला चिकट लागतं. ट्रॉफ्या आणि नेमप्लेट करणाऱ्या दुकानात यूव्ही छपाई करून मिळू शकते. ती कळीवर वरवर बसते, रोजच्या वापराने झिजणार हे धरून चला. अक्षरं पाठ असतील तर कोऱ्या कीकॅप्स लावा. दुसरं कोणी तुमच्या संगणकाला हात लावणार नाही हा वरचा नफा.

एबीएस आणि पीबीटी कीकॅपमध्ये फरक काय?

दोन्ही प्लॅस्टिकच्याच जाती. एबीएसवर काही महिन्यांत तुकतुकीत चकाकी येते, पीबीटी खरखरीत राहते आणि जास्त टिकते. डबल-शॉट म्हणजे अक्षर वेगळ्या प्लॅस्टिकचं ओतलेलं, ते पुसलं जात नाही. घेताना स्पेसबारची लांबी तपासा. नेहमीचं माप ६.२५ युनिट, एक युनिट म्हणजे १९.०५ मिलिमीटर. काही स्वस्त कीबोर्डात खालची ओळ आडमापाची असते, मग नवीन सेट आणूनही स्पेसबार जुनाच ठेवावा लागतो.

ल्यूब खरंच लागतं का? कसं लावायचं?

या छंदातला निम्मा आनंद इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

स्विचमधला स्टेम कवचातल्या दोन रुळांवर घासत खाली-वर होतो. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासल्याची खरखर बोटाला जाणवते आणि स्प्रिंग किंचित किणकिणते. लिनियरसाठी क्रायटॉक्स २०५जी० हे ग्रीस सर्रास वापरतात. ते प्लॅस्टिकला खात नाही आणि उडून जात नाही. टॅक्टाइलला त्याहून पातळ, ट्रायबोसिस ३२०३ सारखं.

खिडकीजवळ बसा, पंखा बंद करा, स्प्रिंगा उडतात. खाली पांढरा कपडा अंथरा. बर्फाच्या जुन्या ट्रेमध्ये स्टेम, स्प्रिंगा, कवचं वेगवेगळी टाका. ब्रश शून्य नंबरचा. ग्रीसमध्ये टोक बुडवलं की डबीच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. ब्रशवर जवळजवळ काहीच उरलं नाही असं वाटलं म्हणजे माप बरोबर. मग खालच्या कवचातले दोन रूळ आणि मधल्या नळीचा काठ, त्यानंतर स्टेमच्या दोन्ही बाजू. उजेडात धरल्यावर ओलसर चकाकी दिसली पाहिजे, पांढरा थर दिसता कामा नये. पांढरं दिसलं तर जास्त झालंय. तो स्विच मंद, ओलाचिंब लागेल.

दोन जागा सोडायच्या: धातूची पाती, आणि टॅक्टाइलमध्ये स्टेमचे ते दोन पाय. पायांवर ग्रीस गेलं की उंचवटाच गायब होतो आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेला टॅक्टाइल रेड होऊन बसतो. स्प्रिंगा एकेक रंगवत बसू नका. सगळ्या एका झिपच्या पिशवीत घाला, पातळ तेलाचे चार थेंब, पिशवी फुगवा, बंद करा, खळखळ हलवा.

८७ स्विचना दोन-तीन संध्याकाळी जातात. कसोटी सामना लावून बसणाऱ्यांसाठी हे काम आदर्श आहे. विकेट पडली की मान वर करायची.

घरातलं शिलाई मशीनचं तेल, व्हॅसलीन किंवा डब्ल्यूडी-४० चालेल का?

नाही. मशीनचं तेल पातळ, ते ओघळून पातीवर जातं. व्हॅसलीन धूळ धरतं आणि कालांतराने घट्ट होतं. डब्ल्यूडी-४० मधला द्रव उडून जातो, आणि काही प्लॅस्टिकना तो चांगलाही नाही.

स्पेसबार आणि एंटर खडखडतात. स्विच बदलू का?

स्विचचा दोष नाही, स्टॅबिलायझरचा आहे. लांब कळ तिरपी होऊ नये म्हणून तिच्या खाली दोन टोकांना वाकवलेली एक तार असते. ती तार आपल्या खाचेत सैल बसली की खडखडते. तार काढून काचेवर ठेवा. दोन्ही टोकं काचेला सारखी टेकली पाहिजेत. एक टोक उचललेलं दिसलं तर बोटाने हळू वाकवून सरळ करा. मग तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस सढळ हाताने लावा. वरचा कंजूषपणा इथे विसरा. एकच गोष्ट करायला वेळ असेल तर स्विच सोडा आणि हे करा, कारण कानाला खटकतो तो स्पेसबारच.

सोल्डरिंग यायलाच हवं का?

हॉट-स्वॅप घेतला तर नाही. पण स्विच खोचण्याआधी त्याच्या दोन्ही पिना सरळ आहेत ना ते बघा. वाकडी पिन सॉकेटच्या बाहेर दुमडते आणि मग ‘ही एक कळ चालत नाही’ म्हणून अख्खा कीबोर्ड परत पाठवला जातो. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या पीसीबीत (स्विच ज्याला जोडतात त्या सर्किट बोर्डात) बसत नसेल तर कडेचे दोन प्लॅस्टिकचे पाय नेलकटरने उडवा.

सोल्डर शिकायचंच असेल तर २५ वॉटची साधी सोल्डरिंग गन आणि ६०/४० ची फ्लक्सवाली तार पुरते. पिन आणि पीसीबीवरची चकती दोन्ही एकदम तापवा, सोल्डर गनला न लावता त्या जोडाला लावा, दोन सेकंदांत बाजूला व्हा. जोड चकचकीत आणि उतरता दिसला पाहिजे. मातकट गोळी झाली तर पुन्हा तापवा. त्या तारेत शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि हात धुतल्याशिवाय चिवड्याला हात घालू नका.

अंबड-सातपूरमध्ये प्लेट आणि केस करून मिळेल का?

मिळेल, आणि नाशिकमध्ये राहून हा छंद करण्याचं खरं सुख हेच. हे शहर स्विचगिअरचं, इलेक्ट्रिकल पॅनेलचं आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं. लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग, ॲनोडायझिंग करणारे लहान-मोठे कारखाने दोन्ही एमआयडीसींत आहेत. इतर गावांतले लोक जी प्लेट (स्विच ज्यात अडकतात तो भोकांचा पत्रा) परदेशातून मागवतात ती इथे दुचाकीवरून जाऊन आणता येते.

माप पक्कं घेऊन जा. प्लेटची जाडी १.५ मिलिमीटर, कारण स्विचच्या चिमट्या तेवढ्याच जाडीला अडकतात. २ मिलिमीटरच्या पत्र्यात स्विच धरत नाही, कीकॅप ओढली की स्विचच हातात येतो. प्रत्येक भोक १४ मिलिमीटर चौरस, दोन भोकांच्या मध्यांत १९.०५ मिलिमीटर. आराखड्याची फाइल डीएक्सएफ या फॉरमॅटमध्ये द्या आणि ती मिलिमीटरमध्ये आहे हे तोंडीही सांगा. इंचात उघडली तर प्लेट २५ पट मोठी होऊन समोर येते आणि ऑपरेटर आधी हसतो, मग चिडतो. लेझरची रेघ स्वतः थोडा पत्रा खाते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर तीन-चार भोकं कापून घ्या, खिशातला स्विच काढून दाबून पाहा, मग पूर्ण प्लेट.

धातूचा फरक आवाजात येतो. स्टेनलेस स्टील कडक आणि वरच्या पट्टीतलं, ॲल्युमिनियम मधलं, पितळ जड. बोटाला मऊ हवं असेल तर पॉलिकार्बोनेट.

प्लेटला पावडर कोटिंग करू नका. तो थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा. भोकाच्या समोरासमोरच्या दोन्ही कडांवर चढला की भोक दहा-पंधरा शतांश मिलिमीटरने आवळतं आणि स्विच आत जात नाही. पावडर कोटिंग बाहेरच्या केसला करा, तिथे ते फार छान दिसतं. ज्या दिवशी भट्टीत दुसऱ्या कोणाचा माल ज्या रंगाचा जाणार असेल त्यातच आपली केस टाका, म्हणजे एका नगासाठी रंग बदलायचे पैसे पडत नाहीत.

एका नगासाठी कोणी दारात उभं करणार नाही अशी भीती असते. महिनाअखेर टाळा, तेव्हा सगळ्यांना माल पाठवायची घाई असते. महिन्याच्या मधे, दुपारच्या जेवणानंतर जा, स्विच आणि जुनी प्लेट सोबत न्या. ‘हे कशासाठी?’ असं विचारलं गेलं की निम्मं काम झालं. कारागिराला वेगळी वस्तू आवडतेच.

फर्मवेअर बदलता येतं म्हणजे काय?

कुठल्या कळीने काय करायचं ते कीबोर्डाच्या आतच लिहून ठेवता येतं. मग तो दुसऱ्या संगणकाला लावला तरी तुमची मांडणी सोबत जाते. क्यूएमके हे त्यासाठीचं मुक्त सॉफ्टवेअर. कोड लिहायचा नसेल तर व्हाया किंवा व्हायल चालणारा कीबोर्ड घ्या, त्यात माउसने कळा बदलता येतात. विकत घेण्याआधी हे नक्की विचारा, कारण नंतर बसवता येईलच असं नाही.

एकच अक्षर दोनदा उमटतं. काय करू?

त्या कळीचा स्विच काढून शेजारच्या जागी लावा, शेजारचा इकडे. दोष स्विचबरोबर सरकला तर स्विच बदला. जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा सोल्डरचा जोड बघा. दोन्ही ठीक असतील तर क्यूएमकेमधला डीबाउन्सचा (पातीची थरथर सोडून देण्याचा) वेळ मूळच्या ५ मिलिसेकंदांवरून १० करा.

पावसाळ्यात काळजी काय? आणि चहा सांडला तर?

जून ते सप्टेंबर सुटे स्विच आणि स्प्रिंगा उघड्या ठेवू नका, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

चहा सांडला तर सगळ्यात आधी केबल ओढा, मग कीबोर्ड पालथा करा, मग हळहळा. दुधा-साखरेचा चहा वाळला की स्विच चिकटतात, म्हणून त्याच दिवशी कीकॅप्स आणि भिजलेले स्विच काढा. कीकॅप्स कोमट साबणपाण्यात, पीसीबी आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने. पूर्ण दोन दिवस वाळू द्या. हेअर ड्रायरची घाई नको.

टायपिंगचा वेग वाढेल का? लिपिक-टंकलेखकाची तयारी चालू आहे.

वेग सरावाने वाढतो. मराठीला मिनिटाला ३० आणि इंग्रजीला ४० शब्द ही अट साध्या कीबोर्डवरही पार होते, आणि परीक्षेच्या केंद्रावर तिथलाच कीबोर्ड वाट्याला येतो. म्हणून परीक्षेपर्यंत निम्मा सराव मुद्दाम साध्या कीबोर्डवर करा. छंद नंतर.

मनगट दुखतं, ते थांबेल?

खुर्ची-टेबलाची उंची आधी पाहा. दुखणं टिकून राहिलं तर डॉक्टरांकडे जा.

घरचे आवाजाला कंटाळलेत.

सायलेंट लिनियर घ्या. त्यांच्या स्टेमला रबराच्या छोट्या गाद्या असतात. तोवर कीबोर्डाखाली जाड कापडी मॅट आणि पीसीबीच्या पाठीला मास्किंग टेपचे दोन-तीन थर. टेपने आवाज बंद होत नाही, पण कर्कशपणा जातो आणि ठोका भरीव लागतो.

ग्रुप बायमध्ये पैसे गुंतवावेत का?

ग्रुप बाय म्हणजे अनेकांनी मिळून आगाऊ मागणी नोंदवणं. आधी पैसे, माल महिन्यांनी, कधी वर्षानेही. बुडाले तरी चालतील एवढेच घाला. पहिला कीबोर्ड तर मुळीच असा घेऊ नका.

कंटाळा आला तर विकता येईल?

हॉट-स्वॅप कीबोर्ड सहज जातो. मूळचे स्विच, मूळच्या कीकॅप्स आणि खोका जपून ठेवा. मूळ रूपात विका आणि ल्यूब केलेले स्विच वेगळे विका. कोणी न कोणी दोन-तीन संध्याकाळी वाचवायचे पैसे आनंदाने देतं.